भाग ७ : पापक्षमा फुकट मिळते का?



आजचा विषय वारंवार येणाऱ्या एका प्रश्नातून निघाला आहे. ‘तुमच्यात म्हणे विश्वास ठेवला की पापं माफ. मग चांगलं वागायचं कशाला?’ इथे बेंगळुरूत, राजाजीनगरात, शेजारी हेच मला कन्नडमध्ये विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून सावकाश पाहू.

आधी दोन शब्द वेगळे करू : पापक्षमा आणि नीतिमान ठरणं. मी लष्करात होतो, म्हणून तिथलंच उदाहरण देतो. एखाद्या जवानाची शिक्षा माफ झाली, तरी गुन्हा शाबित झाला ही गोष्ट उरतेच. शिक्षा टळली, पण तो निर्दोष ठरला नाही. संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात यापुढे जातो. तो न्यायालयातला शब्द वापरतो. देव क्षमा तर करतोच, शिवाय माणसाला नीतिमान ठरवतो. कशाच्या आधारावर? ख्रिस्ताने वधस्तंभावर आपल्या पापाचा भार स्वतःवर घेतला, या आधारावर. विश्वास म्हणजे ते देणं स्वीकारणारा रिकामा हात.

त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल मजुरीचं उदाहरण देतो. आजच्या भाषेत सांगायचं तर मला पेन्शन मिळते ती सरकारची दया नाही. नोकरी केली, तिचा तो हक्क आहे. देवाच्या दारात असा हक्क कोणालाच सांगता येत नाही. तिथे मिळते ती देणगी.

आता आपल्या मातीतलं उदाहरण. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, याच कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. कुटुंबाने वर्षानुवर्षं तीर्थयात्रा केल्या, पुराणं सांगितली, उपासतापास केले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. पुढे रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं.

बाप्तिस्मा झाला होता, सेवाही मोठी होती. तरी १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं आपल्याकडे ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त मात्र सापडला नव्हता. पापाचं ओझं मनावर तसंच होतं. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. हे गृहस्थ पाळक झाल्यानंतर काही वर्षांनी खऱ्या अर्थाने विश्वासात आले होते. रमाबाईंना आपली अवस्था त्यात दिसली. १८९१ च्या सुमारास त्यांनी आपली कमाई बाजूला ठेवून ख्रिस्ताच्या प्रायश्चित्तावर भरवसा टाकला आणि त्यांना शांती मिळाली.

मग त्यांनी काम सोडलं का? १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली वाचवून आणल्या. केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत मराठी बायबलचं भाषांतर केलं. सेवा आधीही होती, नंतरही होती. पण आता तिच्यातून देवाची मर्जी विकत घ्यायची नव्हती. मिळालेल्या कृपेबद्दलचं ते ऋण होतं. आपल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. याकोबाचं पत्र कृतीवाचूनचा विश्वास निर्जीव म्हणतं, तेही याच अर्थाने. झाडाला फळ लागतं ते झाड जिवंत आहे म्हणून. फळं बांधून झाड जिवंत होत नाही.

या मुद्द्यावरून सोळाव्या शतकात युरोपातली मंडळी फुटली. नीतिमान ‘ठरवणं’ आणि नीतिमान ‘करणं’ यांवर वाद झाला. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक मंडळी आणि लूथरन विश्व संघ यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. काही फरक राहिले, पण गाभा एकच ठरला : देव आपल्याला स्वीकारतो ते कृपेने, आपल्या गुणांमुळे नाही, आणि तोच पवित्र आत्मा देऊन सत्कर्मांसाठी तयार करतो.

एक इशारा मात्र देतो. देवाने क्षमा केली म्हणून ज्याचं आपण नुकसान केलं त्याचा हिशेब मिटत नाही. जक्कय जकातदाराने येशूला घरी घेतलं, तेव्हा लुबाडलेलं चौपट परत करायची तयारी दाखवली. कोणाचे पैसे बुडवले असतील तर परत करा. कोणाचं मन दुखावलं असेल तर जाऊन माफी मागा.

माझ्या वयाचे पुष्कळ लोक भेटतात. दर रविवारी देवळात जातात, दान देतात, तरी विचारतात, ‘माझं पुरेसं झालं असेल का हो?’ त्यांना मी एवढंच सांगतो : तुमचं कधीच पुरेसं होणार नाही, ख्रिस्ताचं झालं आहे. आज रात्री रोमकरांस पत्राचे तिसरा आणि चौथा अध्याय वाचा. पुढच्या भागात याकोबाचं पत्र घेऊ.