शून्याने भागाकार : संगणकाच्या हिशेबातील छुपी चूक

रमजान ईदनंतर आम्ही दुकान उघडले आणि संगणकावर शिल्लक मालाचा रिपोर्ट काढायला बसलो. एकही ओळ आली नाही. पडद्यावर इंग्रजीत इतकेच आले की, शून्याने भागाकार झाला आहे. घडले असे होते की, ईदच्या खरेदीत एका कापडाचा शेवटचा तागाही विकला गेला होता. मालाची किंमत भागिले शिल्लक मीटर, असा सरासरी दर प्रोग्राम काढत असे. मीटर शून्य झाले आणि त्या एका मालापायी सगळा रिपोर्ट अडला.

प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलाने पाच मिनिटांत दुरुस्ती केली. भागाकार होत नसेल तेथे शून्य लिहावे, असे त्याने संगणकाला सांगितले. रिपोर्ट सुरू झाला, आम्हीही खूश झालो. महिनाअखेरीस मालाचा सरासरी दर खऱ्यापेक्षा खाली दिसू लागला, तेव्हा कळले की ही दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा महाग पडली. आज पुष्कळ व्यापारी व कारखानदार बंधूंचा हिशेब संगणकावर आहे, म्हणून ही गोष्ट समजून घेणे जरुरीचे आहे.

बारा मीटर कापडाचे तीन-तीन मीटरचे तुकडे केले तर चार होतात. शून्य मीटरचे तुकडे किती होतील? या प्रश्नाला उत्तरच नाही. उत्तर शून्य आहे, असे नव्हे. इ. स. 628 मध्ये ब्रह्मगुप्तांनी शून्याचे नियम लिहिले, तेव्हा शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असे धरले होते. आजचे गणित ते मान्य करीत नाही. शाळेत आम्ही ज्याला 'सिफर' म्हणत होतो तो अंक आणि 'माहीत नाही' ही गोष्ट, या दोन्ही वेगळ्या आहेत.

ही चूक किरकोळ समजू नये. सप्टेंबर 1997 मध्ये अमेरिकन नौदलाचे 'यॉर्कटाउन' हे जहाज समुद्रात बंद पडले. एका कर्मचाऱ्याने डेटाबेसच्या रकान्यात शून्य भरले, त्याने भागाकार झाला, आणि संगणकांबरोबर जहाज चालवणारी यंत्रणाही थांबली. सुमारे पावणेतीन तास जहाज जागचे हलले नाही.

सगळे डेटाबेस अशा वेळी सारखे वागत नाहीत. ओरॅकल, पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर हे सर्वसाधारणपणे काम थांबवून चूक दाखवतात. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट हे माहिती काढताना थांबत नाहीत. त्या जागी 'नल' म्हणजे रिकामी नोंद देऊन पुढे जातात. म्हणून एका डेटाबेसवर चालणारा रिपोर्ट दुसऱ्यावर नेला की अडू शकतो.

आता शून्य लिहिल्याने काय बिघडते ते यंत्रमागाच्या उदाहरणाने पाहू. चार माग आहेत. पहिल्याने 12 तासांत 48 मीटर काढले, म्हणजे ताशी 4. दुसऱ्याने 10 तासांत 50, म्हणजे ताशी 5. तिसऱ्याने 11 तासांत 33, म्हणजे ताशी 3. चौथ्याचे भीम संपले होते. तो शून्य तास चालला. चालू मागांची सरासरी ताशी 4 मीटर आहे. चौथ्यापुढे शून्य लिहिले की तीच सरासरी 3 वर येते. सेठ कागद पाहून म्हणतो, कारागीर सुस्त झाले. कारागिराने काहीच कसूर केलेली नसते. कसूर त्या शून्याची असते.

योग्य उपाय सोपा आहे. डेटाबेसमध्ये 'नलइफ' नावाची सोय आहे (एन-यू-एल-एल-आय-एफ). प्रोग्रामरने 'मीटर भागिले तास' असे न लिहिता 'मीटर भागिले नलइफ (तास, 0)' असे लिहावे. तास शून्य असतील तर नलइफ त्यांना रिकामी नोंद बनवते, आणि रिकाम्या नोंदीने भागले तर उत्तरही रिकामे येते. रिपोर्ट अडत नाही. सरासरी काढणारी आज्ञा रिकामी नोंद मोजतच नाही, म्हणून सरासरी 4 च राहते. साऱ्या कारखान्याचा वेग हवा असेल तर एकूण मीटर भागिले एकूण तास करावे : 131 भागिले 33, म्हणजे सुमारे 3.97.

तीन गोष्टींपासून सावध राहावे. पहिली, नलइफ लावल्यावर 'कोअलेस' या आज्ञेने रिकाम्या जागी पुन्हा शून्य भरू नये. केलेले काम वाया जाते. दुसरी, शून्य तासांच्या ओळी गाळून रिपोर्ट काढू नये. चूक दिसणार नाही, पण बंद मागही यादीतून गायब होईल, आणि तो का बंद आहे हे विचारायचे राहून जाईल. तिसरी, एक्सेलमध्ये 'इफएरर' सरसकट लावू नये. ते शून्याच्या भागाकाराबरोबर बाकीच्या चुकाही झाकते. त्यापेक्षा साध्या 'इफ'ने तास शून्य आहेत का एवढेच तपासावे आणि असतील तर घर रिकामे ठेवावे.

आपल्या प्रोग्रामरला एकच प्रश्न विचारा : "खाली शून्य आले तर तुमचा रिपोर्ट काय दाखवतो?" तो 'शून्य' म्हणाला तर रिपोर्ट दुरुस्त करून घ्या. रिकामी जागा दाखवून शेजारी 'माग बंद' किंवा 'माल संपला' असे लिहून आले तर उत्तम.

नापतोलात कमी करणाऱ्यांना कुरआनने सक्त ताकीद दिली आहे. आज आपले माप पुष्कळदा संगणक करतो. म्हणून कारागिराचे काम आणि भागीदाराचा हिस्सा त्यात बरोबर उतरतो की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मालकाचीच आहे. जे माहीत नाही तेथे जागा रिकामी ठेवणे हाच प्रामाणिक हिशेब होय.