गिधाडाचे पीस

सुरत जिल्ह्यातील उमरपाड्याकडे एका वसावा म्हाताऱ्याने आढ्याला खोचलेला बाण काढून मला दाखविला. शेपटाला जुनी, करडी पिसे होती, गिधाडाची. "सगळी एकाच पंखाची हवीत. डावी-उजवी मिसळली की तीर भरकटतो," तो म्हणाला. एका पंखाच्या पिसांचा बाक एकाच अंगाला असतो. म्हणून बाण स्वतःभोवती फिरत सरळ जातो. महाभारतात तर बाणाला 'गार्ध्रपत्र' हे विशेषणच आहे! पण डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडे मेली. २००६ साली गुरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली. पूर्वीचे थवे मात्र परतले नाहीत. म्हाताऱ्याने पिसे बोटाने सारखी केली आणि बाण पुन्हा आढ्याला खोचला. तो आता सोडायचा नव्हता.