यकृतात पसरली, तरीही

‘स्वादुपिंडाचा कर्करोग, यकृतातही पसरला’ हे ऐकताच घरची मंडळी हात टेकतात. कित्येक जण तर रुग्णाला परस्पर गावी नेतात. पण बायॉप्सीच्या अहवालात ‘न्यूरोएन्डोक्राइन ट्यूमर’ असे लिहिले असेल, तर हा आजार निराळा आहे. ही गाठ संप्रेरके निर्माण करणाऱ्या पेशींची असते व बहुधा संथ वाढते. यकृतात पोहोचल्यावरही अनेक रुग्ण वर्षानुवर्षे जगतात. अहवालातील ‘केआय-६७’ हा आकडा जरूर पाहावा: ३ टक्क्यांखाली वाढ मंद, २०च्या वर वेगवान.

यांपैकी पुष्कळ गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राहक असतात. गॅलियम-६८ पेट स्कॅनमध्ये ते दिसतात. दर चार आठवड्यांचे ऑक्ट्रिओटाइडचे इंजेक्शन त्यांनाच चिकटून वाढ रोखते. ते अपुरे पडल्यास एव्हरोलिमस वा सुनिटिनिबच्या गोळ्या किंवा केमोथेरपी असते. ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी द्रव्यही त्याच ग्राहकांमार्फत गाठीत शिरते. सहसा दोन महिन्यांच्या अंतराने चार मात्रा देतात. आपल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत ते तयार होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते! यकृतातील मोजक्या गाठी शस्त्रक्रियेने काढताही येतात.

पूर्ण बरे होणे विरळा. आजार ताब्यात ठेवणे मात्र पुष्कळदा शक्य असते. म्हणून गावी निघण्यापूर्वी बायॉप्सीचे ब्लॉक व स्लाइड मागून घ्या आणि कर्करोग रुग्णालयात दाखवा.