उपचारकाचा शीण आणि ‘पर्यवेक्षण’ हा शब्द

मानसोपचारात उपचारकाचे प्रमुख साधन म्हणजे त्याचे स्वतःचे अवधान होय. शल्यचिकित्सकाचे शस्त्र बोथट झाले तर ते पालटता येते. अवधान बोथट झाले असता ते पुष्कळदा उपचारकाच्याही ध्यानात येत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली सेवाकार्यातील व्यक्तींच्या या अवस्थेचे वर्णन केले. पुढे १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक व सुझन जॅक्सन यांनी तिच्या मापनासाठी तीन अंगे कल्पिली : भावनिक शक्तिक्षय, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही साधत नाही ही भावना. यांपैकी दुसरे अंग विशेष गंभीर होय. कारण त्याची झळ थेट रुग्णास लागते.

वाशीम जिल्ह्यातील मालेगावासारख्या तालुक्याच्या ठिकाणी या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘प्रेरणा प्रकल्प’ हाती घेतला. त्यातील १४ जिल्ह्यांत वाशीमचा समावेश होता. अशा भागात सांगणारा आणि ऐकणारा एकाच बाजारपेठेत वावरतात. सोयाबीनचा भाव उतरला की दोघांच्याही घरचे गणित कोलमडू शकते. ‘जिवाले घोर लागला’ हे वऱ्हाडी उद्गार समुपदेशकाला निव्वळ लक्षण म्हणून नोंदविता येत नाहीत. त्यांतील घोर त्याच्याही परिचयाचा असतो. शिवाय ऐकलेले घरी वा मित्रांत बोलण्याची त्यास मुभा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे, आणि ते योग्यच आहे.

तेव्हा या भारास उरणारी उचित वाट एकच : रुग्णाची ओळख राखून अनुभवी सहकाऱ्याशी नियमित विचारविनिमय. या व्यवहारास मराठीत ‘पर्यवेक्षण’ म्हणतात, आणि अडचण नेमकी येथे उद्भवते. मराठी माणसाने हा शब्द प्रथम ऐकलेला असतो तो परीक्षागृहात. पर्यवेक्षक म्हणजे चूक पकडणारा, हा संस्कार दृढ आहे. ज्या भेटीत ‘या रुग्णाचे ऐकताना मला कंटाळा येतो’ किंवा ‘मला भीती वाटते’ असे मोकळेपणी म्हणावयाचे, त्याच भेटीस तपासणीचे नाव पडले, तर उपचारक आपली उत्तम प्रकरणे तेवढी सांगेल आणि दुखरी झाकून ठेवील.

केवळ शब्द पालटल्याने शीण जाणार नाही, हे उघड आहे. ‘सहविचार’ म्हटले आणि टिपणे मात्र वरिष्ठांच्या गोपनीय अहवालात गेली, तर नवा शब्दही लवकरच जुना अर्थ धारण करील. म्हणून हा सहविचार प्रशासकीय तपासणीपासून वेगळा असावा, त्यासाठी कामाच्या वेळातच अवधी राखलेला असावा, आणि प्रशिक्षणात त्याची गणना उपचाराच्या अंगांत व्हावी. ऐकणाऱ्याचेही कोणी ऐकणे ही त्याच्यावर केलेली कृपा नव्हे. रुग्णास मिळणाऱ्या उपचाराचाच तो एक भाग होय.