पोकाटेलोचे बांबूउडी मास्तर

25 सप्टेंबर 2000 ची रात्र ऑस्ट्रेलियाच्या लक्षात आहे ती कॅथी फ्रीमनच्या 400 मीटर शर्यतीमुळे. सिडनीच्या त्याच मैदानावर त्याच संध्याकाळी महिलांच्या पोल व्हॉल्टचं, आपल्या क्रीडाशिक्षकांच्या भाषेत बांबूउडीचं, ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्णपदक ठरलं. पुरुष ही उडी 1896 च्या पहिल्या ऑलिंपिकपासून मारत आले होते. बायकांना 104 वर्षं थांबावं लागलं. 4.60 मीटर पार करून जिंकलेली स्टेसी ड्रॅगिला अमेरिकेची, आणि तिच्या हाती पोल देणारे डेव्ह नील्सन हे आयडाहो स्टेट युनिव्हर्सिटीचे तेव्हाचे प्रशिक्षक.

ही युनिव्हर्सिटी पोकाटेलोत आहे. रेल्वेमुळे वाढलेलं डोंगराळ भागातलं गाव, हिवाळ्यात बर्फ. 1970 साली उभं राहिलेलं छप्पर असलेलं एक स्टेडियम आवारातच होतं, म्हणून थंडीतही पळता येई. अमेरिकेत कॉलेजचा प्रशिक्षक हा पगारी नोकर असतो आणि त्याचा हिशेब गुणांवर चालतो. राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याला 10 गुण, आठव्याला 1. मोठी विद्यापीठं शिष्यवृत्त्या देऊन तयार खेळाडू उचलतात. पोकाटेलोसारख्या ठिकाणी जे येईल त्याचं काय करता येईल, हे प्रशिक्षकालाच बघावं लागतं. नील्सन यांचं सगळं कसब मला या एका सवयीत दिसतं.

ड्रॅगिला कॅलिफोर्नियातली, गुराढोरांत वाढलेली. लहानपणी रोडिओत शेळ्या बांधण्याच्या शर्यतीत उतरायची. युबा कॉलेजमधून ती आयडाहो स्टेटला आली ती हेप्टॅथलॉनसाठी, म्हणजे सात खेळप्रकारांच्या एकत्रित स्पर्धेसाठी. 1993 च्या सुमारास नील्सननी आपल्या संघातल्या मुलींना पोल धरायला लावला. तेव्हा महिलांच्या बांबूउडीची ना ऑलिंपिक स्पर्धा होती, ना जागतिक, ना कॉलेजची. बाईच्या खांद्यांत तेवढी ताकद नसते, असा जाणत्यांचाही समज होता. गुणांच्या हिशेबाने पाहिलं तर हा निव्वळ वेळेचा अपव्यय.

पण हेप्टॅथलॉनची मुलगी निवडण्यात डोकं होतं. अडथळ्यांच्या शर्यतीने पावलांची लय पक्की झालेली असते, लांब उडीने टेक-ऑफ कळलेला असतो, आणि वेग असतोच. या खेळात उंची मुख्यतः वेगातून येते. सेकंदाला 8.2 मीटर वेगाने येणाऱ्या खेळाडूची सगळी गती उंचीत बदलली, तर शरीराचा गुरुत्वमध्य सुमारे 3.4 मीटर वर जातो. धावताना तो जमिनीपासून जवळजवळ मीटरभर वर असतोच. म्हणजे 4.4 मीटरच्या आसपासचा हिशेब पायांनीच भागवला. खांदे आणि पोट कामाला येतात ते त्यापुढच्या काही वितींसाठी, आणि वाटेत वेग सांडू नये म्हणून.

वेग सांडतो तो बॉक्सपाशी. बॉक्स म्हणजे धावपट्टीच्या टोकाला जमिनीत बसवलेला, 20 सेंटिमीटर खोलीपर्यंत उतरत जाणारा लोखंडी खळगा. पोलचं टोक तिथे जाऊन अडतं. त्या क्षणी वरचा हात पूर्ण ताणलेला हवा आणि टेक-ऑफचं पाऊल बरोबर त्या हाताखाली हवं. पाऊल वीतभर आत पडलं की पोल खेळाडूला मागे ओढतो आणि उडी जमिनीवरच संपते. म्हणून सरावात प्रशिक्षक आडव्या दांडीकडे बघतच नाही. धावपट्टीच्या कडेला टेप पसरून तो बसतो आणि डावं पाऊल कुठे पडलं ते टिपतो. काही पावलं अलीकडे दुसरी खूण केलेली असते, कारण चूक तिथेच सुरू झालेली असते. खेळाडू गादीवर पडून वर बघते तेव्हा दांडी पडली का एवढंच तिला कळतं. का पडली ते कडेला बसलेल्याला ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पोल. फायबरग्लासच्या पोलवर किती वजनाच्या खेळाडूसाठी आहे ते छापलेलं असतं. मऊ पोल लवकर वाकतो, धीर देतो, पण एका उंचीनंतर पुरत नाही. कडक पोल वेग कमी पडला तर उभाच होत नाही आणि खेळाडू पुन्हा धावपट्टीवर कोसळते. कोणत्या दिवशी पुढचा पोल द्यायचा, हा निर्णय मास्तरचा. तो किती जोखमीचा आहे हे 2002 च्या फेब्रुवारीत दिसलं. पेनसिल्व्हेनिया स्टेटचा एक विद्यार्थी बॉक्सवर डोक्यावर पडून दगावला आणि त्यानंतर अमेरिकेत गाद्या मोठ्या करण्याचे नियम आले.

ड्रॅगिलाच्या बाबतीत एकेक पोल पुढे सरकत गेला. 1997 साली पॅरिसला महिलांच्या बांबूउडीची पहिलीच इनडोअर जागतिक स्पर्धा तिने 4.40 मीटरवर जिंकली. 1999 ला सेव्हिलमध्ये पहिलं मैदानी जागतिक विजेतेपदही तिचंच, 4.60 मीटरने ऑस्ट्रेलियाच्या एमा जॉर्जच्या जागतिक विक्रमाची बरोबरी झाली. मग सिडनी. 2001 च्या एप्रिलमध्ये पोकाटेलोतच 4.70, जूनमध्ये पालो आल्टोला 4.81. नवख्या स्पर्धेत विक्रम भराभर पडतात, हे मान्य. पण तिन्ही ‘पहिल्या’ एकाच बाईच्या नावावर, आणि तीही अशा कॉलेजची, हा योगायोग नव्हे.

अमेरिकी कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत महिलांचा पोल व्हॉल्ट आला 1998 साली. ड्रॅगिलाचं शिक्षण 1995 लाच संपलं होतं. त्यामुळे जिने पुढे जग जिंकलं, तिच्या बांबूउडीतून नील्सन यांच्या कॉलेजला त्या स्पर्धेत एकही गुण मिळाला नाही.