‘ऐदी’ शब्दाचा मागोवा

मराठीत आळशी माणसाला ‘ऐदी’ म्हणतात. हा शब्द मुळात अकबराच्या (कारकीर्द 1556–1605) फौजेतल्या एका मानाच्या पदाचे नाव होते. अरबीत ‘अहद’ म्हणजे एक. त्यावरून ‘अहदी’ म्हणजे एकटा, कोणत्याही सरदाराच्या पथकात नसलेला, थेट बादशहाचा चाकर.

अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त अहदींची हकिगत येते. लायक असूनही ज्यांना मनसब दिलेली नाही, त्यांना बादशहा इतरांच्या हुकमातून मोकळे करून आपल्या पदरी ठेवी. त्यांच्यासाठी वेगळा दिवाण व बक्षी असे आणि वर एखादा बडा उमराव नेमलेला असे. अनेकांना महिना 500 रुपयांहून अधिक पगार मिळे. त्या काळी ही रक्कम मोठीच. शाही चित्रशाळेतल्या चितारी मंडळींतही अहदी होते. म्हणजे हे लोक रिकामटेकडे होते, असे मुळीच नाही. शाहजहानच्या काळीही अहदी आणि घोडेस्वार बंदुकची मिळून सात हजारांची गणती आढळते.

मग नाव खराब कशाने झाले? हिंदी कोशकार दोन कारणे देतात. एक, अहदींना मोठ्या निकडीलाच बोलावणे येई; एरवी ते बसून खात. दुसरे कारण अधिक बोलके आहे. सारा चुकवणाऱ्या जमीनदाराकडे वसुलीला अहदी धाडत. तो दारात ठाण मांडून बसे आणि पैसे हाती पडेपर्यंत हलत नसे. ते बसणे हेच त्याचे काम होते, पण रयतेच्या डोळ्यांना दिसे ते नुसते बसणे.

हिंदुस्तानी बोलीत ‘अह’चा उच्चार ‘ऐ’कडे झुकतो, म्हणून अहदीचा ‘ऐदी’ झाला. दरबारी फारसीत शिपायाचे पद टिकून असताना लोकांच्या तोंडी त्याचा दुर्गुणच उरला.

रुमानियन भाषेतही असा प्रवास घडला आहे. उनाड, बिनकामाच्या माणसाला तिथे ‘हाइमाना’ म्हणतात. हा शब्द तुर्कीतून आला असून तिथे तो मोकाट भटक्यांसाठी होता.

अहदींवर या शब्दाने अन्यायच केला. हिंदीच्या मोठ्या कोशांत ‘अहदी’खाली शिपाई आणि आळशी हे दोन्ही अर्थ मिळतात, मराठी बोलण्यात मात्र ‘ऐदी’ आणि ‘ऐदीपणा’ यांना आळसाखेरीज दुसरा अर्थ राहिलेला नाही.