पैदाशीच्या बोकडाची राहून गेलेली तपासणी

धाराशिवच्या मातीतली उस्मानाबादी शेळी बहुतांशी काळी, काटक आणि बरेचदा जुळी करडं देणारी. कोरडवाहू घरात अडीनडीला तीच पैसा उभा करते, म्हणून तिच्या पैदाशीचा बोकड कसा निवडावा हा प्रश्न महत्त्वाचा आहे. शेतकरी बोकडाचा बांधा बघतो, त्याच्या आईला जुळी होत होती का ते विचारतो. ही रीत शास्त्राला धरूनच आहे. कृत्रिम रेतनासाठी रेत घेतलं की शुक्राणूंची संख्या आणि हालचालही सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पण एवढ्यावर थांबलं तर बापाकडून येणाऱ्या वारशाचा एक भाग न तपासताच पुढे जातो.

हा भाग म्हणजे डीएनएवरच्या रासायनिक खुणा. जनुकांची अक्षरं तीच राहतात, पण काही जागी मिथाइल नावाचा लहानसा रेणू चिकटतो आणि बहुधा तिथलं जनुक मिटलेलं राहतं. सस्तन प्राण्यांत जननपेशी घडताना आधीच्या खुणा जवळजवळ सगळ्या पुसल्या जातात. मग शुक्राणूत बापाच्या पद्धतीने आणि बीजांडात आईच्या पद्धतीने त्या नव्याने बसतात. 1984 साली केंब्रिजला अझीम सुरानी यांच्या गटाने आणि अमेरिकेत मॅकग्रा व सोल्टर यांनी उंदरांचे असे गर्भ तयार केले, ज्यांत दोन्ही वाटे आईचेच किंवा दोन्ही बापाचेच होते. जनुकांचे दोन्ही संच हजर असूनही ते गर्भ पूर्ण वाढले नाहीत, कारण एका बाजूच्या खुणा त्यांत नव्हत्याच. आज या खुणा वाचता येतात. बायसल्फाइट रसायनाने खूण नसलेलं 'सी' अक्षर बदलतं, खूण असलेलं तसंच राहतं. त्यानंतर डीएनए वाचला की शुक्राणूचा खुणांचा नकाशा हाती येतो.

मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. नफिसा बालसिनोर यांच्या गटाने नेमका हाच शोध घेतला. वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांतल्या काही पुरुषांचं वीर्य नेहमीच्या तपासणीत सामान्य होतं, तरी त्यांच्या शुक्राणूंत एच-19 जनुकाजवळची मिथाइल खूण कमी भरली. हे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. एवढ्याने खूण हेच गर्भपाताचं कारण ठरत नाही, हे खरं. पण टॅमॉक्सिफेन हे औषध दिलेल्या नर उंदरांवरच्या याच गटाच्या प्रयोगांतही शुक्राणूंतल्या खुणांचा बिघाड आणि गर्भ दगावणं एकत्र दिसलं. सूक्ष्मदर्शकाला सगळं ठीक दिसत असताना आत उणीव असू शकते, इतकं तरी यातून पक्कं होतं.

कोणी म्हणेल, माणसांवरचा आणि उंदरांवरचा निष्कर्ष बोकडाला कसा लावायचा? म्हणूनच तर बोकडावर वेगळी तपासणी हवी. ती महाग आहे, हा आक्षेपही रास्त. पण ज्याचं रेत शेकडो शेळ्यांना वापरायचं त्या एका बोकडासाठी हा खर्च मोठा नाही. दारातल्या प्रत्येक बोकडाची अशी तपासणी करा असं कोणीच म्हणत नाही. तसंच, दुष्काळ सोसलेल्या बोकडाची करडं आपोआप दुष्काळ सोसणारी होतात, असा अर्थ कोणी काढला तर तो चूक ठरेल. फलनानंतर बहुतेक खुणा पुन्हा पुसल्या जातात. उंदरांत बापाच्या आहाराचा काही परिणाम पुढच्या पिढीत दिसला आहे, पण तेवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचे दावे उभे राहत नाहीत. उस्मानाबादीचा काटकपणा या कोरड्या मुलखात तगलेल्यांच्या निवडीतून आला आहे. तो एका उन्हाळ्यात कमावता येत नाही.

मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र तुळजापूर तालुक्यात तीर्थ येथे आहेच. तिथल्या पैदाशीच्या बोकडांच्या रेताचे नमुने जपून ठेवावेत आणि मुंबई-पुण्यातल्या प्रयोगशाळांच्या मदतीने खुणांचे नकाशे काढावेत. मग ते गाभण राहण्याच्या प्रमाणाशी आणि करडांच्या वजनाशी ताडून पाहावेत. पशुपालकाने मात्र त्यासाठी थांबू नये. बोकडाचा शुक्राणू घडायला साधारण 48 दिवस लागतात, पक्व व्हायला आणखी काही. आणि वृषणांना उष्णता बाधते. म्हणून शेळ्या दाखवण्याच्या दोन महिने आधीपासून बोकडाला सावली, भरपूर पाणी आणि पोटभर चारा द्या.